अकरा पावलांवरची घंटा

वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी मी विद्यार्थी झालो, तो ज्ञानाच्या ओढीने नव्हे. खिडकीवरच्या बाईंशी एक वाक्य जास्त बोललो म्हणून.

माझी पुतणी कॉलेजात ग्रंथालयशास्त्र शिकवते. तिचे बारा विद्यार्थी पुस्तकबांधणी शिकायला तीन आठवडे परदेशी निघाले होते. सोबतच्या दुसऱ्या सरांचा पाय ऐन वेळी मोडला आणि तिला मी आठवलो. त्याच कॉलेजात मी छत्तीस वर्षं ग्रंथपाल होतो. "काका, तुम्हाला काही करायचं नाही. मोठं माणूस म्हणून नुसतं बरोबर असायचं," ती म्हणाली. काही न करता नुसतं असणं ही कामगिरी मी छत्तीस वर्षं चोख बजावली होती, तेव्हा नाही म्हणायला तोंड नव्हतं.

परदेशी जायच्या परवान्याच्या कचेरीतल्या फॉर्मवर चौकोन मात्र दोनच होते.

"शिक्षक?" बाईंनी मान वर न करता विचारलं.

"नाही."

"मग विद्यार्थी?"

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण लाजाळू माणसाचं असं होतं की दिवसभर तोंड उघडत नाही, आणि उघडलं की नको तिथे. मी म्हणालो, "तसं पाहिलं तर माणूस जन्मभर विद्यार्थीच..."

"विद्यार्थी," बाई म्हणाल्या आणि त्यांनी शिक्का मारला.

तो शिक्का बदलायचा तर एकवीस दिवस लागणार होते आणि आम्ही निघणार होतो नऊ दिवसांनी. पुतणी म्हणाली, राहू दे, कागदापुरतंच आहे. कागदावर जन्म काढलेल्या माणसाला कागदाची ताकद ठाऊक असते.

निघताना आमच्या खालच्या मजल्यावरचे इंजिनीअर भेटायला आले. त्यांचा जावई परदेशात असतो, त्यामुळे परदेश हा विषय ते घरचा मानतात. "एकच सांगतो, ग्रंथपालसाहेब. काहीही होवो, चूक झाली असं तोंडानं म्हणायचं नाही. तिकडे लगेच लिहून घेतात."

"ते कशाला कशाला हात लावतायत?" आतून बायकोचा आवाज आला. "अहो, नुसतं बघा हं. घरात खिळा ठोकलात तेव्हा काय झालं ते आठवतंय ना?"

ते मला आठवत होतं. इंजिनीअरांनाही आठवत होतं, कारण तो खिळा त्यांच्या नळाला लागला होता.

आता त्या कार्यशाळेविषयी. लांबलचक खोली, उत्तरेकडे उंच खिडक्या, दोन्ही बाजूंना जुनी टेबलं आणि खळीचा तो गोडसर वास. एका कोपऱ्यात शिवणकाम, दुसऱ्यात पुठ्ठे कापायचं यंत्र आणि भिंतीशी ओळीने उभे, पुस्तकं दाबून धरायचे शिकंजे. वीसेक कारागीर होते. मुख्य कारागीर बाई माझ्याच वयाच्या, पण हात विशीतल्या मुलीचे. त्यांनी सुतात गाठ मारली की ती कुठे गेली ते दिसायचंच नाही. मी छत्तीस वर्षं पुस्तकांच्या पाठीवर 'बांधणी आवश्यक' अशी चिठ्ठी लावत आलो. बांधणी म्हणजे काय असते ते त्या दिवशी प्रथम पाहिलं. इतकी वर्षं कोणत्या तोंडाने चिठ्ठ्या लावत होतो, असं वाटलं.

विद्यार्थ्यांसाठी बारा टेबलं मांडायला सांगितली होती. यादीत तेरा विद्यार्थी म्हणून त्यांनी तेरावं टेबल मांडलं, त्यावर तेरावा ॲप्रन ठेवला आणि माझ्या गळ्यात 'विद्यार्थी' अशी पट्टी अडकवली. मुलं मला 'तेरावे काका' म्हणू लागली. मराठी कानाला हा आकडा कसा लागतो ते सांगायला नको. मुलांच्या मनात तसं काही नसणार, असं मी ठरवून टाकलं.

पहिल्याच दिवशी बाईंनी खोलीच्या मधोमध तुळईला टांगलेली पितळी घंटा दाखवली. त्यांची भाषा आमच्यातल्या एका मुलीला उत्तम येते. जाड भिंगांमुळे सगळे तिला चष्मेवाली म्हणतात. तिने सांगितलं, "बाई म्हणतात, चूक झाली की लगेच घंटा वाजवायची."

"शिक्षा म्हणून?" मी विचारलं.

चष्मेवालीने हे त्यांच्या भाषेत विचारलं. बाईंना प्रश्नच कळला नाही. त्यांनी तो परत विचारायला लावला आणि तरीही कळला नाही.

अर्थ दुसऱ्या दिवशी कळला. पुठ्ठे कापणारे गृहस्थ, तीस वर्षं तिथे असलेले, मिशा पिळदार, शांतपणे उठले आणि त्यांनी घंटा वाजवली. सगळं काम थांबलं. वीसच्या वीस माणसं त्यांच्याभोवती जमली. पुठ्ठा अर्धं बोट आखूड कापला गेला होता. हे त्यांनी अशा आवाजात सांगितलं जसं आपण मुलीचं लग्न ठरल्याचं सांगतो. मग कसं झालं, पट्टी कुठे होती, उजेड कुठून येत होता, अशी विचारपूस झाली. पट्टीची कड झिजली होती. नवी पट्टी आली. भिंतीवरच्या काळ्या फळ्यावर एक ओळ लिहिली गेली, सगळे त्यांना 'आभारी आहोत' म्हणाले आणि आपापल्या जागी गेले.

मी थक्क झालो. आमच्याकडे काही बिघडलं की पहिला प्रश्न 'कोणी?' आणि तो विचारण्यात आमचा हात कोणी धरणार नाही. एकदा आमच्या ग्रंथालयात शाईची बाटली सांडली, तर चौकशी समिती दीड वर्ष चालली. समितीचा अहवाल आला तेव्हा डाग पुसट झाला होता. इथे 'कोणी' हा शब्दच कुणी काढत नव्हतं. केवढी मोठी गोष्ट, मी मनात म्हणालो. बाकीच्यांना हिचा किती उपयोग होईल!

बाकीच्यांना. हे मी खरंच असंच म्हणालो.

दुसऱ्या आठवड्यात आम्हाला खरी पुस्तकं मिळाली. माझ्या वाट्याला एक वही आली. तिथल्या टपाल वाटणाऱ्या बाईंच्या आजोबांनी चाळीस वर्षं रोजचं हवामान लिहून ठेवलं होतं. बारीक अक्षर, पिवळी पानं, कडा बिस्किटासारख्या. नव्या कापडी कव्हरावर जुन्यासारखाच वारा दाखवणारा कोंबडा उमटवलेला होता. शिवण मुख्य कारागीर बाईंनीच घातली होती. मी फक्त कव्हराला खळ लावून वही आत बसवायची होती. वही न्यायला टपालवाल्या बाई शुक्रवारी चार वाजता येणार होत्या.

मंगळवारी दुपारी सगळे खिडकीपाशी सुताचे प्रकार बघत होते. माझ्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून हात मोकळा चालला. खळ लावली, वही बसवली, सुरकुत्या काढायची हाडाची पट्टी फिरवली. काम इतकं देखणं झालं की मला राहवलं नाही. कौतुकाने कव्हर उघडलं.

आत शेवटचं पान होतं, आणि तेही उलटं. कोंबडा बाहेर रुबाबात सरळ उभा आणि आत आजोबा चाळीस वर्षांच्या हवामानासकट शीर्षासनात.

घंटा माझ्या टेबलापासून अकरा पावलांवर होती. ही पावलं मी नंतर मोजली. त्या क्षणी ती मला दुसऱ्या गावात असल्यासारखी वाटली. मोठं माणूस म्हणून आलेला मी, बारा मुलांसमोर ती घंटा बडवून काय सांगणार होतो? की पुस्तकांत जन्म गेला तरी पुस्तकाचं डोकं कुठलं आणि पाय कुठले ते कळत नाही? मी वही मिटली, शिकंज्यात घातली आणि दांडा पिळला. अंमळ जास्तच पिळला.

बुधवारी बाई शिकंज्यांपाशी फिरत आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या. शिकंज्यात वहीचा फक्त कणा दिसत होता. त्यांनी सगळ्या मुलांना बोलावलं. चष्मेवाली मोठ्याने सांगू लागली, "बाई म्हणतात, तेराव्यांचा कणा बघा. किती सरळ!"

मुलांनी टाळ्या वाजवल्या. पुतणी डोळे विस्फारून बघत राहिली. "काका, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात!" छुपा मी होतोच. बाकीचं तिचं तिला.

त्या टाळ्यांनंतर घंटा आणखी लांब गेली.

रात्रभर आणि सकाळभर विचार करून मी घरी फोन लावला. बायकोला नुसतं विचारलं की चिकटलेली खळ कशाने सुटते. "हात लावलात ना?" ती म्हणाली. "थांबा, इंजिनीअर इथेच आहेत."

"उष्णता!" इंजिनीअर फोनवर ओरडले. "उष्णतेनं काहीही सुटतं. केस वाळवायचं यंत्र घ्या आणि सोडा गरम हवा. माझा चाळीस वर्षांचा अनुभव आहे." त्यांचा चाळीस वर्षांचा अनुभव पाण्याच्या पंपांचा आहे, हे मला फोन ठेवल्यावर आठवलं.

तरीही गुरुवारी दुपारच्या सुट्टीत मी चष्मेवालीकडे गेलो. "बाळ, तुझ्याकडे केस वाळवायचं यंत्र आहे का?"

तिने माझ्या डोक्याकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नाही, तरी ती बराच वेळ पाहत राहिली. "आहे की, काका. तुम्हाला हवंय?"

"मोजे वाळवायचेत," मी म्हणालो. आयुष्यात पहिल्यांदा मी इतकं चपळ खोटं बोललो आणि मला त्याचा थोडा अभिमानही वाटला.

ॲप्रनखाली वही लपवून मी समोरच्याच वसतिगृहातल्या माझ्या खोलीत आलो. दार लावलं, यंत्र जोडलं आणि कव्हराच्या आत गरम हवा सोडली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. खळ सुटण्याऐवजी कव्हर आणखी ताठ झालं, पापडासारखं. आणखी वेग वाढवला तेव्हा ठप्प असा आवाज झाला आणि सगळ्या मजल्याचे दिवे गेले.

दारावर थाप पडली. मी वही पांघरुणात कोंबली, तिच्यावर बसलो आणि 'या' म्हणालो. वसतिगृहाचे व्यवस्थापक आत आले, मागोमाग चष्मेवाली. माझ्या हातात यंत्र होतं आणि पायात माझे कोरडे मोजे. कान धरून उठाबशा काढायची वेळ आली, असं मला वाटलं.

व्यवस्थापकांनी खिशातून वही-पेन्सिल काढली. "ते विचारतायत," चष्मेवाली म्हणाली, "नेमकं कितव्या वेगावर नेल्यावर दिवे गेले?"

"तिसऱ्या," मी पुटपुटलो.

त्यांनी लिहून घेतलं. या मजल्याची वायर कमजोर असावी असा त्यांना दोन वर्षं संशय होता, आज खात्री झाली, असं म्हणून त्यांनी माझा हात हातात घेऊन आभार मानले. मी बसल्या जागेवरून आभार स्वीकारले, कारण उठण्याची सोय नव्हती. असल्या माणसांचं काय करावं? रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. रागावलेल्या माणसापुढे खोटं टिकतं. या माणसापुढे मला माझ्या मोज्यांची लाज वाटली.

वही शिकंज्यात परत गेली. शुक्रवार उजाडला.

टपालवाल्या बाई चार वाजता यायच्या त्या अकरालाच आल्या. सायकल भिंतीला लावून, खांद्यावरची पिशवी न उतरवताच त्या दारातल्या टेबलापाशी बोलू लागल्या. घाईत होत्या. चष्मेवाली माझ्या शेजारीच उभी होती, ती हळू आवाजात सांगत गेली. "त्यांची आई नव्वदीची आहे. दृष्टी गेलीय. रोज जेवताना त्या तारखेला आजोबांनी लिहिलेलं हवामान वाचून दाखवावं लागतं. दहा दिवस वही इथे आहे, तर आई धड जेवत नाहीये. म्हणतात, तयार असेल तर आत्ताच नेते."

तिकडून मुख्य कारागीर बाई शिकंज्यांच्या दिशेने निघाल्या. हसत होत्या. तो सरळ कणा त्यांना दाखवायचा होता.

मला वाटलं, ही बाई घरी जाईल, ताटावर आई बसलेली असेल, ही कव्हर उघडेल. एक माणूस चाळीस वर्षं रोज सकाळी उठून आभाळाकडे बघून एक ओळ लिहितो, आणि मी त्याला उलटा टांगून, पिळून, वर गरम हवा सोडून, त्याच्यावर बसलो होतो.

मी चालू लागलो. अकरा पावलं तेव्हाच मोजली. घंटेची दोरी हातात घेतली आणि सवयीप्रमाणे अशा बेताने ओढली की कुणाला त्रास होऊ नये. कुणाला ऐकूच गेली नाही. मग खाकरलो. पुठ्ठे कापणारे मिशीवाले गृहस्थ मला पाणी द्यायला उठले. तेव्हा मात्र मी डोळे मिटून अशी काही दोरी ओढली की रस्त्यापलीकडचा न्हावी कात्री घेऊन दारात आला.

काम थांबलं. सगळे जमले. टपालवाल्या बाईही पिशवीसकट येऊन उभ्या राहिल्या. मी शिकंजा सैल केला, वही काढली, कव्हर उघडलं आणि उलटी पानं सगळ्यांसमोर धरली. सांगायची गरज नव्हती.

"आभारी आहोत," मुख्य कारागीर बाई म्हणाल्या. मग त्यांनी कव्हरावर बोट दाबून पाहिलं आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "केव्हा झालं?"

"मंगळवारी," मी म्हणालो, आणि मग मोज्यांपर्यंतचं सगळं सांगितलं.

चष्मेवालीने एक शब्दही न गाळता ते सगळं त्यांच्या भाषेत सांगितलं. यंत्राचा भाग तिने अभिनयासह सांगितला असं मला वाटतं. बाई म्हणाल्या, गरम हवेने खळ इतकी पक्की झाली आहे की इतकी मजबूत बांधणी त्यांनी क्वचितच पाहिली. यात टोमणा असेल म्हणून मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. टोमणा नव्हता. मिशीवाले ते लिहून घेत होते.

"आता तीच चूक पुन्हा करून दाखवा," बाई म्हणाल्या. "म्हणजे ती कुठे होते ते दिसेल."

माझ्यासमोर कोरी वही आणि कोरं कव्हर आलं. भोवती तेहतीस माणसं. मी कव्हर उचललं, खळ लावली, वही बसवली, उघडून दाखवली. ती बरोबर बसली होती. अगदी सुलट.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा बरोबर. तिसऱ्यांदाही बरोबर. आयुष्यभर न बोलावता येणारी चूक, आज आदराने आमंत्रण दिलं तर येईना. साधी चूकसुद्धा मला मागणीनुसार करता येऊ नये? पुतणी कपाळाला हात लावून उभी होती.

"काका," चष्मेवाली एकदम म्हणाली, "मंगळवारी तुम्ही हे डाव्या हाताने करत होतात. मी खिडकीपाशी उभी होते तेव्हा पाहिलं होतं."

खरं होतं. मी जन्माचा डावखुरा. शाळेत मास्तरांनी पट्टीने बोटं सोलून ती सवय मोडून काढली. तेव्हापासून चारचौघांत मी उजवा असतो आणि कुणी बघत नसलं की डावा. साठ वर्षं हे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. आता ते परक्या भाषेत तेहतीस माणसांना सांगितलं जात होतं.

"मग डाव्यानेच करा," बाई साधेपणाने म्हणाल्या.

कव्हरांचा गठ्ठा टेबलाच्या उजवीकडे असतो. मी सगळ्यांच्या देखत डावा हात अंगावरून पलीकडे नेला, कव्हर उचललं, आणि मनगट वळलं. मनगटाबरोबर कव्हराने अर्धी फेरी घेतली. कोंबडा खालच्या बाजूला असल्याने ते कळलंही नाही. खळ लावली, वही बसवली, उघडली. उलटी!

काय टाळ्या पडल्या! न्हाव्यानेसुद्धा दारातून वाजवल्या. चारचौघांत एखादी गोष्ट मला सांगितल्याबरहुकूम साधली असं माझ्या आयुष्यात प्रथमच घडत होतं. मी कमरेत किंचित वाकलोही, असं पुतणी सांगते. मला आठवत नाही.

पण वही अजून उलटीच होती. ती सोडवायला पाच तास लागले. बाई ओल्या कापडाने आणि पातळ सुरीने केसाकेसाने कव्हर सुटं करत होत्या आणि मी पान हलू नये म्हणून कडा धरून उभा होतो, डाव्या हाताने. एका जागी आतल्या अस्तराच्या कागदाचा कोपरा फाटलाच. मंगळवारीच घंटा वाजली असती तर तो फाटला नसता. बाईंनी ते लपवलं नाही. टपालवाल्या बाई वाटप आटोपून आल्या तेव्हा आधी फाटलेला कोपरा दाखवला, मग नवं कव्हर.

मी मान खाली घालून उभा होतो. टपालवाल्या बाई कोपऱ्यावरून बोट फिरवत काहीतरी बोलल्या.

"काय म्हणतात?" मी चष्मेवालीला विचारलं.

"म्हणतात, आई विचारेल हे कसं फाटलं. मोज्यांचं सांगितलं तर चालेल का? आई बऱ्याच दिवसांत हसलेली नाही."

मी म्हणालो, चालेल. मोजे कोरडे होते, हेही सांगा म्हणावं.

त्या गेल्यावर बाई माझ्यासमोर स्टूल ओढून बसल्या. बाकीचेही जमले. त्यांना एक गोष्ट अजून समजली नव्हती. मी तीन दिवस घंटा का वाजवली नाही?

लाज, मी सांगितलं. आता हसतील, असं वाटलं. पण त्यांनी त्यावर पट्टीच्या झिजलेल्या कडेवर केला होता तसाच गंभीर विचार केला. मिशीवाले माझ्या टेबलापासून घंटेपर्यंत चालून आले. कुणी म्हणालं, मधोमध असल्यामुळे सगळ्यांच्या नजरा पडतात. कुणी म्हणालं, बुजऱ्या माणसाला हे अंतर फार आहे, हे आपल्या लक्षातच कसं आलं नाही? माझा स्वभाव बदलायला हवा, असं मात्र कुणी म्हणालं नाही. अर्ध्या तासात मिशीवाल्यांनी शिडी आणली, घंटेची दोरी वाढवून भिंतीच्या कडेने नेली आणि प्रत्येक टेबलाला तिचं एक टोक आणून दिलं.

मग फळ्यावर दोन ओळी लिहिल्या गेल्या. चष्मेवालीने वाचून दाखवल्या. 'डावखुऱ्या माणसासाठी कव्हरांचा गठ्ठा डावीकडे ठेवावा.' आणि खाली, 'घंटा लांब होती.'

मी त्या ओळींकडे बराच वेळ बघत उभा राहिलो. इतकी वर्षं पुस्तकांत घालवली, पण मी कधी काही लिहिलं नाही. मला धीरच झाला नाही. आणि इथे परक्या देशात, भिंतीवर, माझ्यामुळे दोन ओळी. पुढे येणारी माणसं त्या वाचतील. मी चष्मा पुसून परत पाहिलं.

"यात माझं नाव कुठे आहे?" मी हळूच विचारलं.

"नाव नाही लिहीत, काका. कुणाचंच. तीन दिवस तुम्हाला त्याचीच तर भीती होती ना?"

"हो, हो. बरोबरच आहे," मी म्हणालो. "उत्तम पद्धत आहे. नाव नकोच."

आम्ही दारापर्यंत आलो. पुतणी ॲप्रन घडी करत होती, मुलांना भुका लागल्या होत्या. मी चष्मेवालीला जरा बाजूला घेतलं.

"बाळ, त्या बाईंना विचारून बघतेस का... निदान गावाचं नाव?"